बारदान वजा

दर सोमवारी आम्ही मदनशेठच्या काट्यावर जातो.
कापसाचा मोसम संपलेला. काट्यावर
सरकीचे चार दाणे, एक झोपलेलं मांजर.
पंचफुला मांजराला हाकलते आणि मला म्हणते, "चढा."

एकेचाळीस किलो दोनशे.
नागपूरहून घरी आलो त्या आठवड्यातला आकडा.
सोयाबीनचं पोतं याच्या दीडपट भरायचं,
ते मी खांद्यावरून थप्पीला लावायचो
गप्पा मारत मारत, ओठात बिडी.

तीस वर्षं तोलारी केली देवळीच्या बाजारात.
पाणी मारलेला कापूस पाहिला, खडे घातलेली तूर पाहिली.
वजनाच्या बाबतीत माणूस खरं बोलत नाही
हे मला कुणी शिकवायला नको.

डॉक्टरनं कागदावर पेनानं पोट काढून दाखवलं :
एक पिशवी, तिच्यावर आडवी रेघ.
"रेघेच्या खालचं गेलं. एवढं ठेवलंय."
राहिलं ते पावशेराचं माप.
म्हणून दिवसातून आठ वेळा वाटी.
उठल्या उठल्या ज्वारीची आंबील,
नवाला ताकात कालवलेल्या कण्या,
मग अंडं, मग मऊ भात, मग पुन्हा काहीतरी मऊ.
ठेचा फक्त वासापुरता.

भूक लागत नाही.
भूक त्यांनी तिकडंच ठेवून घेतली असावी, तपासणीला.
नातवानं मोबाइलात कोंबड्याचा गजर लावून दिलाय,
तो आरवला की जेवायचं.
अंगणातला खरा कोंबडा त्याला उत्तर देतो
आणि दोघांचं भांडण चालू असताना मी घास गिळतो.
मग घाम फुटतो, छाती धडधडते,
मी बाजेवर पडून टिनाच्या छताचे खिळे मोजतो.
एकशे अठरा आहेत.

बेचाळीस शंभर. त्रेचाळीस.
पुन्हा बेचाळीस आठशे.
त्या दिवशी पंचफुला काही बोलली नाही.
घरी येऊन बकरीशी भांडली.

पुढच्या सोमवारी मी बंडीच्या खिशात
अर्ध्या किलोचं माप टाकलं,
लोखंडी, जुनं, छाप झिजलेलं.
दुसऱ्याच्या मालावर मी कधी अंगठा दाबला नाही
(खोटं कशाला, दोनदा दाबला, शेठच्या सांगण्यावरून)
आणि स्वतःच्या हाडांना खोटं माप लावलं.

त्रेचाळीस चारशे.
ती हसली.
वाटेत सुलोचनाला सांगितलं,
"भरले वं बाई, भरले थोडेसे."

आता माप काढायचं कसं?
काढलं की एका दमात अर्धा किलो घसरणार.
सोमवार आला की खिसा जड.
असे सात सोमवार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कॅलेंडरचं पान पलटताना
मागं पेन्सिलीचं अक्षर दिसलं.
माझ्याच पावतीची पद्धत, तीस वर्षं पाहून उचललेली :
काटा ४५.९००
बारदान ०.५००
निव्वळ ४५.४००
आधीच्या पानामागंही तेच.
पहिल्या खोट्या सोमवारपासून.

मी पान परत लावलं.
माप चुलीमागं ठेवून दिलं,
जिथं ते नेहमी असतं, जिथून नाहीसं झालेलं
तिला दर सोमवारी दिसलं असणार.

संध्याकाळी उकंडाच्या बैलांची खांदशेकणी झाली.
पंचफुला तिकडून आली ती पळसाचं पान घेऊन,
पानात उरलेलं हळद-तूप, अजून कोमट.
म्हणाली, "सदरा काढा."
माझ्या उजव्या खांद्याला गठ्ठा होता एके काळी,
पोत्यांनी घडवलेला, दगडासारखा.
आता तिथं हाड लागतं हाताला.
तिनं ते हाड शेकलं, सावकाश,
बैलाचं शेकतात तसंच, वरून खाली,
आणि तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाली,
"आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

मी म्हटलं, "उद्या काऊन?
आत्ताच वाढ."

तिनं मोबाइलकडे पाहिलं.
कोंबडा आरवायला अजून वीस मिनिटं होती.