गळ्यावरची रेघ

क्लाइपेडाच्या धक्क्यावर जानेवारीत
डिझेलसुद्धा अंग चोरून वाहतं.
टेबलावर तीन कोटेशनं, मुदत शुक्रवारपर्यंत :
मीटर तपासायला काय घ्यायचं?

एक, पाइपातून गोळा धावणारं यंत्र,
दोन खुणांमधलं अंतर हेच त्याचं माप.
दुसरा वजनकाटा, दाट तेलांना बरा,
पण इथल्या वाऱ्यात तोही थरथरतो.
तिसरा नुसता दुसरा मीटर,
आपण पहिल्याहून प्रामाणिक आहोत
असं सांगणारा कागद सोबत घेऊन आलेला.
"आणि ह्याला कोण तपासणार?" रिमविदासनं विचारलं.
हांबुर्गचा विक्रेता कॉफी ढवळत राहिला.

दांगुओले काही बोलली नाही.
तिचं भांडं कोपऱ्यात उभं होतं,
पाचशे लिटरचं, उंच मानेचं,
मानेत काच, काचेमागे रेघा.
एकतीस वर्षं ती ते भरते, रिकामं करते,
धार तुटली की तीस सेकंद थांबते,
कारण भिंतींना चिकटून राहिलेलंही
हिशेबात धरलेलं असतं.
पहिल्याच दिवशी मला दम भरला होता तिनं :
घाई केलीस की मापात पाप.

गेल्या हिवाळ्यापासून चार नंबरचा मीटर
दर वेळी जास्त सांगायचा,
एका रेघेइतकं.
त्याला दोनदा खोललं. चाकं धुतली. शिव्या दिल्या.

गुरुवारी ती म्हणाली, आज तू वाच.
मी वाकलो, डोळा पातळीला आणला.
मीटर बरोबर होता.
मग ती वाचायला गेली
आणि माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं
की ती वाकतच नाही.
गुडघे मुडपत नाहीत आता तिचे. ती वरून बघते,
आणि वरून बघितलं की
भरलेलंही जरा कमीच दिसतं.

बराच वेळ तिनं हातमोजे काढले, घातले.
"चार नंबरची माफी मागायला हवी,"
एवढंच म्हणाली.

फॉर्मवर तिनं गोळ्याच्या यंत्रापुढे खूण केली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : याला गुडघे नाहीत.
रिमविदासनं ते खोडून 'अचूकता' केलं.

भांडं भंगारात गेलं नाही.
ते नवं यंत्रसुद्धा वर्षातून एकदा
कशात तरी ओतून बघावंच लागतं.
त्या दिवशी मी वाकतो.
ती स्टुलावर बसून, ओठ हलवत,
तीस सेकंद मोजते.