शतावरीचा वाफा

तीन वर्षं कापायची नाही, नर्सरीवाला म्हणाला.
बावड्यातल्या परसात चर खणला,
कोळ्याच्या पायांसारखी मुळं
पसरून ठेवली मातीत.

सर्जेराव कुंपणावरून:
"ऊस लावला असतासा तर
खोडवाबी तुटला असता येव्हाना."
खरंय.

पहिल्या साली करंगळीएवढे कोंब आले.
सोडून दिले, त्यांचं गवत झालं.
दुसऱ्या साली पंचगंगा
वाफ्यावर आठ दिवस बसून गेली.
गाळ खरवडला. आत काय उरलंय
ते उकरून बघायचा धीर झाला नाही.

आज, फाल्गुनात,
भेगेतून एक जांभळं टोक.
एकच.

मोडला. अर्धा कुंपणापलीकडे दिला, कच्चाच.
सर्जेराव बराच वेळ चावत राहिले.
"मटारावानी लागतंय," म्हणाले,
आणि उसाचं नाव काढलं नाही
संध्याकाळपर्यंत.