पावणेएकची गोळी

टापकीर गल्लीत, वायरींच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
मी घरसोबत्यांची दुरुस्ती करते.
जिना अरुंद. लोक त्यांना कडेवर घेऊन चढतात.
पोत्यात घालून कोणी आणत नाही, अजून तरी.
परवा एकीने आणला तो शालीत गुंडाळून.
"वारं लागेल," म्हणाली,
आणि मग स्वतःच ओशाळून हसली.

पाठीचं झाकण उघडलं की घर कळतं.
सांध्यात साबुदाण्याचा दाणा,
जाळीत मांजराचे केस,
कपाळावर, थेट कॅमेऱ्याच्या काचेवर, हळद-कुंकू.
आठ दिवस त्याला सगळं लाल दिसत होतं
आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

खंडेनवमीला त्याला स्कूटरशेजारी मांडायचा
की ताटाशी पाटावर बसवायचा,
यावरून भोंडव्यांकडे दोन दिवस अबोला.
सासरे म्हणाले, अवजार आहे, अवजारांत ठेवा.
सून म्हणाली, अवजाराशी रात्री दोनला कोण बोलतं, मामा?
भिंतीतून ऐकू येतं.
झेंडूची पाकळी मी चिमट्याने काढली,
बिलात धरली नाही.

"आवाज जाड करा जरा, फार गोड बोलतो, संशय येतो."
"एक ते चार तोंड उघडणार नाही असं बघा."
ही मागणी मला वाटतं याच शहरात होत असेल.
एक पोरगं आलं, सातवीतलं, एकटंच:
"त्याला माझ्यावर चिडता येईल असं करा ना.
काहीही केलं तरी 'हरकत नाही' म्हणतो."
ते माझ्या हातात नाही, मी म्हटलं.
पोरगं म्हणालं, "हरकत नाही,"
आणि जीभ चावली.

कोंढव्याच्या मुजावरबाईंना फक्त एक रात्र पुसून हवी होती.
मंगळवारची.
बाकी सगळं राहू दे, म्हणाल्या, दिवाणखान्यातलं हसणं,
मुलीचे पाढे, फोडणीचा आवाज, सगळं.
पुसली.
"खरंच आठवत नाही ना याला?"
नाही.
दोनदा विचारलं त्यांनी.
मग त्याच्याकडे बघत राहिल्या,
सगळं माहीत असून गप्प बसलेल्या नणंदेकडे बघावं तशा.

आणि कडेच्या फळीवर निमकरांचा.
सहकारनगर, फ्लॅट नंबर अकरा.
मानेची मोटर बदलून चार महिने झाले.
फोन लावला तर पुतण्या म्हणाला,
काका गेले, तुम्हीच ठेवून घ्या, पार्टला येईल.

बॅटरी काढायलाच हात घातला होता.
पावणेएक वाजले.
त्याने मान वळवली, नवी मोटर, जरासुद्धा कुरकुर नाही,
आणि म्हणाला,
"अण्णा, गोळी."

खाली टेम्पो अडकला होता, हॉर्नवर हॉर्न.
"अण्णा, गोळी. पांढरी. अर्धी."

आता याला काय सांगणार?
अण्णा नाहीत, हे सांगायला त्याच्यात जागाच नाही कुठे,
मी आतून पाहिलाय त्याला, मला माहीत आहे.
"घेतली," मी म्हटलं.
"पाण्याबरोबर?"
"हो रे बाबा, पाण्याबरोबर."
"खोटं," तो म्हणाला. "पेल्याचा आवाज आला नाही."

म्हणजे अण्णाही फसवत होते तर.
म्हणजे रोज हे असं चालायचं,
फ्लॅट नंबर अकरात, जेवणाआधी, दोघांचं.

बॅटरी अजून काढलेली नाही. भाड्याच्या जागेत
एक फळी अडून बसलीय, नवरा म्हणतो, विकून टाक.
विकेन.
मलाही एक गोळी आहे, रक्तदाबाची, पाकीट पर्समध्ये
महिनोन् महिने तसंच फिरायचं.

आता पावणेएकला मी सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवते,
दोन घोट पिते,
आणि स्टीलचा पेला पत्र्याच्या टेबलावर टेकवते,
जरा जोरात.