फक्कीचं जहाज

फक्की माझी होती.
सीमारेषेसाठी आणलेली, पाच किलोची पिशवी.
गायधनी काकांनी न विचारता उचलली
आणि सकाळी सहाला गोल्फ क्लबच्या मैदानावर
विमानवाहू जहाज आखायला घेतलं.
समुद्र इथून चार तासांवर.
तरी ट्रॅकवर फिरणारे थांबले.

आधी लहान. स्वच्छतागृहाच्या भिंतीपासून
माझ्या खेळपट्टीच्या जरा पलीकडे.
मग मोठं. ते मैदानात मावेना.
काका रेघ ओढत फाटकाबाहेर,
चहावाल्याच्या बाकाखालून
थेट त्र्यंबक रोडच्या दुभाजकापर्यंत.
एका रिक्षावाल्याला त्यांनी दरडावलं,
डेकवरून बाजूला हो.

"एवढं एकच परवडणार," पिंगळे म्हणाले.
ओझरला तीस वर्षं विमानांच्या पोटात हात घातलेला माणूस.
"ते गोदीत गेलं की झालं,
घरात चष्मा एक आणि तोही दुरुस्तीला.
लहान तीन घ्या. एक बुडालं तर दोन उरतात."

"लहानावरून भरल्या पोटी विमान उडत नाही, पिंगळे.
टाकी अर्धी, बॉम्ब अर्धे.
आणि त्यातली निम्मी विमानं
आपल्याच डोक्यावर राखण करत घिरट्या घालणार.
शिवाय बुडालेल्यातली हजार पोरं
कुठल्या खात्यात टाकता?"

"मोठ्यात तीन हजार असतात."

यावर कुणी काही बोललं नाही.
चहावाल्यानं गाळणी आपटली.

काका मागच्या टोकाला गेले,
तीन आडव्या रेघा मारल्या.
"या तारा. विमानाचा आकडा यातल्या एकीत अडकला पाहिजे.
रात्री वरून बघणाऱ्याला
दोन्ही जहाजं एवढीच दिसतात."
अंगठ्याचं नख दाखवलं.
शेजारची दोन बोटं नव्हती.
तार तुटली होती, एवढंच सांगतात.
लहानावरची की मोठ्यावरची,
पिंगळेंनीही कधी विचारलं नाही.

आठला माझी पोरं आली.
सर, बाउंड्री कुठली?
म्हटलं, आज जहाजाबाहेर पडला की पाणी.
त्यांना ते लगेच पटलं.
ओजस उंच झेलाखाली पळत सुटला,
नजर आभाळात, पाय रेघांवर,
आणि बाकावरून काका ताडकन उठले,
कपातला चहा सांडत,
तीन बोटांचा पंजा वर,
"दुसरी धर! दुसरी धर रे!"

त्याला काही कळलं नाही. झेल मात्र घेतला.

तोवर मोठ्या जहाजाचं नाक
एसटीच्या टायरांना लागून
त्र्यंबककडे निघून गेलं होतं.