दोरीला मारलेल्या गाठी

ऑफिस एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर.
खाली पार्किंगमध्ये कुणीतरी रोज गाडी धुतं
आणि पाणी उताराने गेटाकडे निघतं.
जिना उतरताना मी बघत राहते,
किती टक्के उतार, कुठे अडवता येईल.

पुरंदरचे माळ मी तसेच बघितले.
दिवेघाट चढून, सासवड मागे टाकून, गराटवाडी.
पिशवीत नळीची लेव्हल, टेप, चुन्याची पुडी,
गळ्यात ओळखपत्र: सल्लागार, माती व पाणी.

पहिल्याच बैठकीत सांगितलं, माथ्यापासून या.
आधी माळावर चर, मग घळीत दगडी ताली,
ओढ्यावरचा बांध सगळ्यात शेवटी.
लोकांना बांधच आधी हवा होता.
बांध दिसतो. त्यावर पाटी लागते.
चरापुढे कुणी नारळ फोडत नाही.

तरी खोदले. दीड उन्हाळा खोदले.
महिपती गराडे टिकाव थांबवून म्हणाला,
"मॅडम, हे पाणी थांबणार, का बसून फुडं जाणार?"
"जमिनीत जाणार," मी म्हणाले,
आणि ते उत्तर मला पुरेसं वाटलं.

ओढ्याच्या वळणाला मी चुना टाकत होते
तेव्हा तान्हूबाई कोकरे काठी टेकून उभी.
"हितं नगं. पाऊस सरला तरी
हितं मेंढरं बसत न्हाईत. खालनं गार लागतंय."
मी हसले.
वहीत लिहिलं नाही.

बांध भरला, फोटो निघाले,
दिवाळीच्या आत तळ दिसला.
गराटवाडीच्या विहिरी होत्या तिथेच.
मग मी पुन्हा खडक वाचला, या वेळी गुडघ्यांवर बसून:
मुरमाखाली मांजऱ्या, भोकाभोकांचा, भुसभुशीत,
आणि त्याचा कल आमच्याकडे नव्हताच.
टेकाडाच्या पोटातून तो पलीकडे जात होता,
बोरखळच्या शिवारात.

ग्रामसभेत हे उभं राहून सांगितलं.
जागा चुकली, चूक माझी, असंही.
पंख्याचा आवाज तेवढा येत होता.
मागून कुणीतरी म्हणालं,
"म्हंजी उपास आमचा आन् पारणं त्यांचं."
कुणी हसलं नाही.
"असू द्या, मॅडम" असं म्हणेल कुणी,
म्हणून मी थोडी थांबले. नाही म्हणालं कुणी.

पुढच्या सभेला बोरखळहून छबूताई बोऱ्हाडे आल्या,
स्कूटीवर, न बोलावता.
पिशवीतून सुंभाची दोरी काढून टेबलावर ठेवली.
परसाला एक गाठ. चार गाठी ओल्या.
"माझ्या विहिरीतनं काढून थेट आणली.
मागल्या साली एक गाठबी भिजत नव्हती.
चोरलं न्हाई आमी. पण आलंय, हे खरं.
लपवून ठेवायचं मनाला येईना."

सरपंचांच्या फायलीवर पाणी ठिबकत राहिलं.
कुणी म्हणालं, बांध फोडा. कुणी म्हणालं, पैसे घ्या.
एकाला एकदम भावकीतलं जुनं भांडण आठवलं.
महिपती उठला, दोरी चिमटीत धरून
एकेक गाठ चाचपत गेला,
चौथीपाशी थांबला.
काय ठरलं? त्या दिवशी काहीच नाही.
पण जाताना त्याने ती दोरी मागून घेतली,
आपल्या आडात सोडायला.

अहवालात रकाना असतो: लाभार्थी गाव.
मी दोन नावं टाकली.
संगणकाने एकच घेतलं.
मी फाइल तशीच उघडी ठेवून निघाले.

तान्हूबाई घराच्या सावलीला लोकर विंचरत होती.
चरांची नवी रेघ कुठून घेऊ, मी विचारलं.
वही उघडली, पेनचं टोपण काढलं.
तिने माझ्याकडे बघितलं, मग पेनाकडे.
"मेंढरं पोरानं कोकणात नेलीत.
येतील जेष्ठाच्या आत. आली की दावते
कुठं बसत्यात, कुठं उठत्यात.
तवर चुना सांडत फिरू नगंस."