अर्धी विहीर

नोटरी चष्मा पुसून पुसून वाचत होते,
मी मनात त्याचं आपलं खरेदीखत करत होते:
पूर्वेस जुझा रापाची भिंत,
पश्चिमेस गल्ली, नाव नसलेली,
दक्षिणेस केपरच्या झुडपांनी धरून ठेवलेला बांध,
उत्तरेस आकाश, कारण तिकडचं छप्पर बसलंय.
येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक,
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाणासह.
पाषाण भरपूर होता.
जलाशी येऊन ते थांबले.
“विहीर,” म्हणाले, “अर्धी.”

इसार देऊन चौदा महिने झाले होते.
अकरा वारस, सात इथे गोझोवर,
तिघं मेलबर्नला, आणि साल्वू,
ज्याचा पत्ता कुणालाच नीट माहीत नव्हता.
परदेशी बाईला घर घ्यायला वेगळा परवाना,
परवान्याला वेगळा शिक्का,
शिक्क्याला सोमवार.
मी फेरीने ये-जा करत राहिले,
पलीकडच्या मोठ्या बेटावर रात्रपाळी संपवून,
पायात तेच पांढरे बूट.
एकोणीस वर्षांच्या रात्रपाळ्या
एका धनादेशात मावल्या.
साल्वूची सही शेवटी आली,
इतकी थरथरती
की मी आधी त्याच्या औषधांचा विचार केला.

इथे घराला ‘दार’ म्हणतात.
मी किल्ली घेऊन दारात उभी,
म्हणजे दोन्हींत एकदम.
चौकटीशेजारी फरशी: ‘गॉड ब्लेस ऑस्ट्रेलिया’,
खाली कान तुटलेला कांगारू.
कार्मनू तिकडे तीस वर्षं रेल्वेत होता,
परत येऊन त्याने हे घर बांधलं आणि याच घरात गेला.
गवंडी म्हणाला, काढली तर दगड सोबत येईल.
राहू दिली.
तसंही गाव म्हणतं, कार्मनूचं घर.
आणि मला म्हणतं, बार्रानिया.
म्हणजे बाहेरची.
त्यांच्या बोलण्यात विष नाही,
नुसतं कळवतात.

विहिरीला इथे ‘बीर’ म्हणतात.
आपल्या शब्दाचं पहिलं अक्षर
वाटेत कुठल्या तरी समुद्रात पडलं असावं.
खडकात कोरलेली, पोट भिंतीखाली पसरलेलं,
एक तोंड माझ्या अंगणात, एक जुझाच्या.
दोन छपरांचं पाणी आत एकच होतं.
पहाटे पाचला तिचा दोर,
मग बादलीचा कडा,
मग माझं पाणी हलायचं.
वर्षभर आमची एवढीच ओळख.
गल्लीत ती हनुवटी हलवायची,
मी तिच्यापेक्षा थोडी जास्त.

ऑगस्टच्या शेवटी तिचा पहिला शब्द
विहिरीतून वर आला:
“छप्पर धुतलंस का?”
मी अंगणात कपडे वाळत घालत होते.
“कबुतरांची घाण माझ्या चहात नको.”
मी वर गेले, झाडू, बादली, भर उन्हात,
चुनखडीचा तो पांढरा उजेड डोळ्यांत,
आणि खाली उतरेपर्यंत
चौथऱ्यावर बशीभर अंजिरं.
बशी तिची आहे, हे तिने दोनदा बजावलं.

जानेवारीत तीन पहाटा दोर वाजला नाही.
पहिल्या दिवशी वाटलं, वारा आहे.
दुसऱ्या दिवशी, नळाचं पाणी वापरत असेल.
तिसऱ्या दिवशी मी विहिरीत वाकून
तिचं नाव टाकलं.
ते भिंतीखालून पलीकडे गेलेलं
मला ऐकू आलं.
बराच वेळ काही नाही.
मग खोकला.
ओला, खोल, डाव्या बाजूचा,
पाण्यावरून येताना आणखी स्पष्ट झालेला.
मग आवाज: “काय गं, पाणी आटलं?”

स्टेथोस्कोप खिशात कोंबून
मी गल्लीतून वळसा घातला,
अकरा पावलं, जी दीड वर्षात चालले नव्हते.
दारावर टकटक केली.
आतून ती वैतागून म्हणाली,
ढकल. ते कधी लावलेलंच नाही.