शंभरात दोन

तीन बादल्या, तीन रंगांच्या फिती.
हिरवी हातांसाठी: शेकडा शून्य दशांश शून्य पाच.
पिवळी खाटांसाठी, जमिनीसाठी, बुटांच्या तळव्यांसाठी: शून्य दशांश दोन.
लाल बादली मी मागच्या कनातीला टेकवून ठेवते,
झाकण घट्ट, वर वीट.
वायसनने पहिल्याच दिवशी विचारलं, ही कुणासाठी?
म्हटलं, आधी पिवळी शीक.

शिरे नदी इथून दोनशे पावलांवर.
पूर ओसरला, मका कुजला,
आणि विहिरींमध्ये कॉलरा मागे राहिला.

भुकटीच्या पिंपावर छापलंय सत्तर.
म्हणजे शंभर ग्रॅम उचलले तर सत्तरच कामाचे,
तीस नुसते वऱ्हाडाबरोबर आलेले.
रात्री झाकण सैल राहिलं की सत्तराचे साठ होतात.
डोळे चुरचुरले नाहीत की मला कळतं.
कागद मात्र सत्तरच म्हणत राहतो,
कागदाला नाक नसतं.

वायसन चमचा रास भरून घेतो. उदार मुलगा.
मी सुरीच्या पाठीने रास सपाट करते.
चौदा ग्रॅम, बाळा, वीस लिटरला, हातांसाठी.
जास्त घातलंस तर कातडी सोलते,
कमी घातलंस तर नुसतं वास येणारं पाणी,
आणि त्या वासावर लोक विश्वास ठेवतात.

हे मला चिम्बालांगा सरांनी शिकवलं,
आंब्याखालच्या शाळेत, शेंगदाण्यांवर.
शंभर चांगले मोजले. वर दोन कुजके टाकले.
कुजके शेकडा किती?
दोन, आम्ही सगळी ओरडलो.
सर काही बोलले नाहीत. एकेक चांगला दाणा खात बसले,
आमच्या तोंडाला पाणी सुटेपर्यंत.
मग म्हणाले, एकशे दोनात दोन.
शंभरावर आणि शंभरात, यांत जेवढं अंतर
तेवढ्यात माणूस फसतो.
म्हणून पाणी शेवटी. आधी भुकटी,
मग रेघेपर्यंत भर. रेघ म्हणजे सगळं मिळून वीस.

काल सायंकाळी बैलगाडीतून सरांना आणलं.
डोळे खोल गेलेले, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली.
मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही.
सलाइनची बाटली बघून पुटपुटले,
शून्य दशांश नऊ?
हो सर, म्हटलं. शंभरात.
तेवढंच बोलणं झालं.

वहीत या आठवड्यात दोनशे बारा आले, दोन गेले.
शेकडा एकाच्या आत, म्हणून जिल्ह्याचे साहेब खूश होते.
आता दोनशे तेरात तीन.
भागाकार मी केला. सवयीने.
एक दशांश चार.
त्या चारात सर कुठे बसतात, ते मला मांडता येईना.

मग वीट उचलली.
वीस लिटर, शेकडा दोन: चारशे ग्रॅम क्लोरीन हवं.
पिंप सत्तराचं, नवीन, आजच फोडलेलं.
चारशेला सत्तराने भागा, शंभराने गुणा,
पाचशे एकाहत्तर.
चमच्याने चाळीस सपाट, एक किंचित उणा.
वायसन मोजत होता, मी टाकत होते.
सत्ताविसाला माझी मोजदाद चुकली.
तो म्हणाला, एस्नाटताई, अठ्ठावीस.
मी पहिल्यापासून सुरू केलं, दुसऱ्या बादलीत.
अंदाजाने नाही. त्यांच्यासाठी तर नाहीच.

लाकडी दांड्याने ढवळलं. अर्धा तास गाळ बसू दिला.
बाहेर त्यांची सून चितेंजे डोक्यावरून घेऊन बसली होती,
तिला आत येऊ दिलं नाही. तो नियम माझाच.
कापड बुडवलं, पिळलं.
उजव्या हाताच्या दोन बोटांवर, नखांच्या कडेला,
खडूसारखं काहीतरी पांढरं होतं.
खडूच असेल. क्लोरीनही असेल.

वायसन रिकामी बादली घेऊन उभा होता.
उद्यासाठी भरू का, काठापर्यंत?
रेघेपर्यंत, म्हटलं.